बॉयलरवाल्याचं बीपी

वस्ताद,

तुम्हाला सांगावी अशी एक गोष्ट घडली आहे, आणि ती ऐकून ज्याचा जीव खरोखर सुपाएवढा होईल असा माणूस मला तुमच्याशिवाय दुसरा आठवत नाही. म्हणून वही घेऊन बसलो. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, अक्षर तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही म्हणायचा, "मुंग्या सोडल्यात का रं कागदावर?" आता हात थोडा थरथरतो, तेव्हा मुंग्या जरा वाकड्या चालतील, सांभाळून घ्या. तुम्हाला जाऊन त्रेचाळीस वर्षं झाली. गोष्ट तुमच्या मुलीची आहे, पण ती माझ्यापासून सुरू होते, माझ्या बीपीपासून, म्हणून आधी ते ऐकावं लागेल. आणि घाबरू नका, शेवट चांगला आहे. शेवट माहीत नसला की मला कुठलीच गोष्ट ऐकवत नाही, छातीत धडधडायला लागतं. तुम्हाला तो त्रास नको.

तुमच्या हाताखाली आलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पिंपरीतली ती रबराची कंपनी, मागच्या अंगाला आपलं बॉयलर हाऊस, आणि आत शिरलं की अंगावर येणारी ती ऊब. पहिल्या दिवशी तुम्ही मला काहीच शिकवलं नाही, फक्त दाब दाखवणाऱ्या गेजसमोर उभं केलंत. "बग," म्हणालात. मी बघतो. "काय दिसतंय?" मी म्हणतो, "नऊ किलो." तुम्ही पुढं येता, काचेवर बोटानं दोन टिचक्या मारता, आणि काटा सरकून साडेनवावर जातो. "आदी बोट लावायचं. काटाबी माणसावानी आस्तुय, येका जागी बसला की तितंच चिकटतुय." ती टिचकी माझ्या बोटात कायमची बसली. मग पहिल्या वर्षातलीच ती दुपार. तासातासाला दाब लिहायचा ते रजिस्टर माझ्याकडे होतं. दाब रोज तोच असतो, लिहायचं ते तेच, म्हणून जेवायला जाताना मी पुढच्या तीन तासांचे आकडे आधीच भरून ठेवले. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही रजिस्टर माझ्यासमोर धरलंत आणि इतकंच विचारलंत, "चारचा दाब तुला दिसला का? आजून तीन वाजल्यात." मी म्हणालो, "वस्ताद, तेवढाच असतो." "आसंल. पन तुला दिसला का?" त्या दिवशी शिफ्ट संपेपर्यंत तुम्ही मला गेजसमोरून हलू दिलं नाहीत. दर पाच मिनिटांनी लिहायला लावलंत. तिकडे कारखान्यात रबराच्या प्रेस उघडल्या की काटा खाली यायचा, बंद झाल्या की वर चढायचा, बर्नर पेटला की आणखी वर. संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की ज्याला मी रोज 'तेवढाच' म्हणत होतो तो दाब दिवसभर श्वास घेतल्यासारखा वरखाली होत असतो. पायांना गोळे आले होते, पण तुमच्यावर राग आला नाही. त्याच महिन्यात तुम्ही तुमचं बॉयलरच्या परीक्षेचं पुस्तक मला देऊन टाकलंत, पानापानावर तेलाचे अंगठे उमटलेलं. म्हणालात, "सातवीवाल्यालाबी सर्टिफिकीट मिळतं. म्या तर चौथीवाला हाय."

बॉयलरच्या दाबाची एवढी काळजी घेणारा माणूस स्वतःच्या दाबाला मात्र टिचकी मारायला तयार नव्हता. गुरुवारी आपली सुट्टी असायची, आणि मी एकटा खोलीवर राहतो म्हणून वहिनी मला जेवायला बोलवायच्या. भोसरीतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. चुलीला टेकून भाकऱ्या उभ्या केलेल्या असायच्या, पाट्यावरचा खर्डा, आणि तुमच्या ताटात मिठाचा वेगळा ढीग. वहिनी म्हणायच्या, "डाक्टरनं मीठ बंद केलंय ह्यांचं, आन ह्ये बगा." तुम्ही म्हणायचा, "भट्टीपुढं घाम गळतुय त्यो डाक्टरचा न्हाई, माजा गळतुय." कंपनीच्या दवाखान्यात पाऱ्याचं मशीन होतं, तिथले डॉक्टर तुमचा दाब बघून दोनदा मोजायचे. गोळ्या दिल्या, त्यानं तुम्हाला गरगरायचं, म्हणून तुम्ही त्या सोडल्यात. "मला काय हुतंय? काय बी होत न्हाई." तुमचे पाय दुखायचे, चालता चालता पोटऱ्या आखडायच्या, तुम्ही व्हॉल्व्हच्या पाइपाला धरून उभे राहायचा आणि आम्हाला वाटायचं, वय झालं. वय केवढं, तर बावन्न. मग तो गुरुवार. मी समोरच बसलो होतो. तुम्ही घास उचललात आणि तो तोंडापर्यंत आलाच नाही. नऊ वर्षांची तुमची मुलगी म्हणाली, "बाबा, सांडलं." पुढचं तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे, आणि आज मला ते लिहायचं नाही.

त्या दिवसापासून मी भित्रा झालो. तसा आधीपासून होतोच, पण भीतीला आधी घर नव्हतं, तुमच्या त्या घासानं ते मिळालं. पुढची तीस वर्षं मी बॉयलर चालवला, एकदाही सेफ्टी व्हॉल्व्ह उडू दिला नाही, आणि पासष्टाव्या वर्षी माझंही बीपी निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, रोज एक. वाकडला राहणाऱ्या माझ्या मुलानं दंडाला गुंडाळायचं मशीन आणून दिलं. आकडे दाखवणारं, काटा नाही. आणि इथं माझ्यातला बॉयलरवाला जागा झाला. रेघा मारून रजिस्टर केलं. सकाळी सहा, आठ, दहा, असं रात्री झोपेपर्यंत. मशीनवर आकडा आला की मी आधी त्याच्या काचेवर टिचकी मारायचो. बायको म्हणायची, "मारा, मारा. सरकेल आकडा." आणि मुख्य चूक तर पुढंच आहे, वस्ताद. आपण काय करायचो? दाब चढला की आग कमी, दाब उतरला की आग जास्त. मी गोळीचं तेच केलं. सकाळी आकडा चांगला आला की गोळी बंद. वर गेला की एक, जास्तच वर गेला की दोन. मला वाटायचं, एवढ्या बारकाईनं कुणी औषध घेत नसेल. दोन-अडीच वर्षं मी स्वतःला असा चालवला. एकदा दोन गोळ्या घेऊन भाजी आणायला गेलो आणि आकुर्डीच्या चौकात बाकड्यावर डोकं धरून बसलो. सगळं गाव फिरत होतं.

तुमची मुलगी हे सगळं बघून हसायची. ती मोशीला राहते. गाड्यांना लागणाऱ्या वायरींचे जुडगे बनवायची कंपनी आहे चाकणला, तिथं तपासणीला आहे. तिच्या हाताखालून न गेलेली वायर गाडीत बसत नाही. नवरा शांत, मुलगा शिकून नोकरीला लागला. रविवारी माझ्याकडे आली की रजिस्टर उघडायची आणि मोठ्यानं वाचायची, "दहा वाजता एकशे बेचाळीस. सव्वादहा वाजता एकशे अडतीस. काका, सव्वादहाला काय झालं? पाहुणे आले होते का?" मी म्हणायचो, हस, तुझे बाबा पण असेच हसायचे. ते ऐकलं की ती रजिस्टर मिटून ठेवायची, आणि मला बोलून पस्तावल्यासारखं व्हायचं. कारण तिलाही बीपी होतं, पस्तिशीपासून. एक गोळी, मग दोन, मग तीन, मग चार. दाब काही खाली येत नव्हता. कंपनीच्या वार्षिक तपासणीत दरवर्षी तेच. नर्स म्हणायची, "मॅडम, गोळ्या घेत नाही का?" कुणी म्हणायचं पापड सोडा, कुणी म्हणायचं चिडचिड सोडा. ती घेत होती, वस्ताद. तुमच्यासारखी सोडत नव्हती. नऊ वर्षांची असताना जे बघितलं त्यानंतर ती एक दिवस चुकवणार नव्हती. पण कुणी तिचं खरं धरत नव्हतं आणि शेवटी तिनं सांगणं बंद केलं. मला एकदा म्हणाली, तेही हसतच, "काका, बाबा बावन्न वर्षं आणि काही महिन्यांवर गेले. त्या वयाला मी कधी पोचते तो दिवस काढून ठेवलाय. तोवरचे दिवस तरी कंपनीत भरावेत." मी घरी येऊन स्वतःचं बीपी मोजलं, एकशे सत्तर.

गेल्या वर्षी त्या आकुर्डीच्या बाकड्याची हकीकत तिला कळली आणि ती चिडली. रजा काढून आली, मला स्कूटरवर मागं बसवलं आणि पिंपळे सौदागरला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. पोरगीच ती, पस्तिशीची असेल. माझं रजिस्टर बघून तिनं ते मिटलं, परत उघडलं आणि विचारलं, "काका, काय काम करायचात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "वाटलंच. म्हणजे गोळी तुम्ही डिझेलसारखी वापरताय." मी म्हणालो, "फर्नेस ऑइल होतं आमच्याकडे." तुमची मुलगी खुर्चीत वाकून हसायला लागली. मग त्या बाईंनी मला नीट समजावलं. गोळी आग कमी करत नाही, ती नळ्या सैल ठेवते, आणि ते काम रोज चालू राहावं लागतं, दाब चांगला दिसला तो कालच्या गोळीमुळे, हे तुम्ही रोज बंद-चालू केलंत तर आतल्या नळ्यांना रोज हिसका बसतो. मोजायचं कसं तेही मी चुकीचं करत होतो. मशीन लावायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि तोंड बंद. तोंड बंद हे तिनं दोनदा सांगितलं. आता एकाच गोळीत दोन-तीन औषधं थोडी थोडी घालून मिळतात, एकाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा त्यानं दाब लवकर ताब्यात येतो आणि गरगरणंही कमी. तशी एक गोळी लिहून दिली. "आणि काका, टिचकी बंद." ते तिला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे.

आम्ही उठलो. दारापाशी तुमची मुलगी थांबली, पोटरी धरली आणि भिंतीला टेकली. गोळा आला होता. तिच्या लेखी ते रोजचंच. "काही नाही मॅडम, होतं असं." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बसा जरा. तुम्हाला बीपी आहे?" "आहे. आमच्या घरात असतंच." "गोळ्या किती?" "चार." "रोज घेता?" तुमच्या मुलीनं स्कूटरची किल्ली मुठीत घट्ट धरली. म्हणाली, "घेते. पण तुम्हीही नाही म्हणणार असाल तर विचारू नका." बाई म्हणाल्या, "घेता म्हणालात ना, मग घेता." एवढंच. वस्ताद, पन्नाशी उलटलेली बाई, अख्ख्या लाइनला दम देणारी, त्या खुर्चीत बसून रडली. मी उगाच टेबलावरचं कॅलेंडर सरळ करत बसलो. बाईंनी तिला शांत होऊ दिलं, मग दोन्ही दंडांना मशीन लावून मोजलं. एकशे शहाऐंशी. मी त्या दवाखान्यात माझ्या एकशे साठचं दुःख घेऊन आलो होतो, आणि ही माझी ड्रायव्हर एकशे शहाऐंशी घेऊन स्कूटर चालवत आली होती.

त्यानंतर काय काय झालं ते सगळं मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे, पण मी विचारून विचारून समजून घेतलंय. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहान ग्रंथी असते, टोपीसारखी. तिच्यातून एक रस निघतो, तो अंगात मीठ धरून ठेवतो. काही माणसांत ही ग्रंथी सांगितल्यापेक्षा जास्त काम करते, ओव्हरटाइमच म्हणा. मग मीठ साठतं, दाब चढतो, पोटॅशियम लघवीतून निघून जातं आणि पाय गळतात, गोळे येतात. अशा माणसाला नेहमीच्या चार गोळ्या दिल्या तरी दाब ढिम्म हलत नाही, आणि दोष त्याचा नसतो. पूर्वी हा आजार दुर्मिळ समजायचे, म्हणून कुणी शोधत नव्हतं. आता डॉक्टर लोकांच्या लक्षात आलंय की तो वाटला त्यापेक्षा खूप जास्त लोकांत असतो, आणि बीपी असलेल्या प्रत्येकाच्या रक्ताची ही तपासणी एकदा तरी करावी असं त्यांचं ठरत चाललंय. साधी रक्ताची तपासणी. सकाळी रक्त दिलं, आणि काही दिवसांनी कागद आला. तिचं पोटॅशियम कमी होतं आणि तो रस नको तेवढा जास्त. मग गोळ्या बदलून पुन्हा तपासण्या, मग फोटो. डाव्या ग्रंथीवर हरभऱ्याएवढी गाठ दिसली. गाठ हा शब्द ऐकून मी परत टेबलावरचं कॅलेंडर सरळ करायला लागलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, कॅन्सर नाही. उलट ही सापडली ही आनंदाची गोष्ट आहे." आनंदाची! मला वाटलं, शिकलेल्या लोकांचं डोकं वेगळंच चालतं. पुढं पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आणखी एक तपासणी झाली. बारीक नळी आत नेऊन दोन्ही बाजूंचं रक्त वेगवेगळं घेतात, म्हणजे ओव्हरटाइम नेमकी कोणती बाजू करतेय ते कळतं. हे मला फार पटलं. दोन बॉयलर एका लाइनीवर असले की कुठला जास्त वाफ देतोय हे बघायला आपणही एकेकाचा गेज वेगळा बघायचो. डावीच निघाली. उजवी बिचारी गप्प होती.

या सगळ्या महिन्यांत माझा पण एक दिवस मजेचा गेला, तो सांगतो, म्हणजे तुम्हाला थोडं हसू येईल. नवीन गोळी मी महिनाभर न चुकता घेतली, तरी त्या दवाखान्यात माझा आकडा एकशे सत्तर. बाई म्हणाल्या, मला बघून चढतं की खरंच चढतं ते बघू, आणि त्यांनी चोवीस तासांचं मशीन माझ्या अंगावर चढवलं. कमरेला डबी, दंडाला पट्टा, अर्ध्या तासानं आपोआप फुगतो. आणि आकडा दिसत नाही! माझ्यासारख्या माणसाला आकडा न दाखवणारं मशीन! मी विनवणी केली, त्या म्हणाल्या, "म्हणूनच दिसत नाही काका." त्या दिवशी मी किराणा दुकानात उभा असताना पट्टा घर्रकन फुगला, मी हात ताठ करून खांबासारखा उभा राहिलो आणि दुकानदार म्हणाला, "काय राव काका, चावी दिली का कुणी?" दुसऱ्या दिवशी कागद आला. घरी, बाजारात, जेवताना, झोपेत, सगळीकडे मिळून सरासरी एकशे सव्वीस. फक्त सुरुवातीचे दोन आकडे एकशे सत्तरच्या पुढं, दवाखान्यात असतानाचे. म्हणजे माझा दाब खरा होता, पण त्यापेक्षा माझी भीती मोठी होती, आणि दवाखान्यातला आकडा धरून गोळ्या वाढवल्या असत्या तर मी परत त्या बाकड्यावर गेलो असतो. बायकोनं तो कागद शेजारणीला नेऊन दाखवला. "भित्रेपणाचं सर्टिफिकेट आलंय ह्यांचं."

ऑपरेशनचा दिवस मात्र मजेचा नव्हता. दुर्बिणीतून करतात, पोट फाडत नाहीत, हे मला दहादा सांगून झालं होतं. तरी तिला आत नेलं आणि मला तुमचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. तिचा नवरा माझ्याशेजारी बसला होता, पलीकडे माझी बायको. तासाभरानं मला घाम फुटला, तेव्हा एका नर्सनं येऊन माझ्या दंडाला पट्टा बांधला. मशीन फुगलं, सुटलं, नर्सचे डोळे मोठे झाले, ती डॉक्टरांना बोलवायला निघाली. मी म्हणालो, "राहू द्या सिस्टर, मला आकडा नको. आतून कुणी आलं का?" बायकोनं चष्मा काढून पुसला. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा आकडा विचारला नव्हता. थोड्या वेळानं आतून निरोप आला की सगळं ठीक झालं, गाठ निघाली. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, स्वतःच्या पायांनी जिना चढून. आणि महिन्याभरानं त्याच दवाखान्यात, त्याच खुर्चीत तिचा दाब भरला एकशे चोवीस. चार गोळ्यांची एक झाली. पोटऱ्यांचे गोळे गेले. बाई म्हणाल्या, सगळ्यांचं इतकं छान होत नाही, बऱ्याच जणांना मीठ कमी आणि रोजची गोळी एवढाच मार्ग असतो, दोन्ही बाजू बिघडल्या असतील तर त्यालाही वेगळी गोळी असते. तुमची मुलगी म्हणाली, "मॅडम, परत मोजा." बाईंनी परत मोजलं. एकशे बावीस. "अजून एकदा?" तेव्हा मी म्हणालो, "पोरी, आता तू रजिस्टर घे." आम्ही तिघं इतके हसलो की बाहेरच्या पेशंटनं आत डोकावून बघितलं.

मी बाईंना तुमच्याबद्दल विचारलं. तुमचे पाय, तुमचा दाब, ते पाइपाला धरून उभं राहणं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तसं असेलही, नसेलही, कधी कधी हे घराण्यात चालतं, बहुतेक वेळा नाही. त्यांचं रक्त आपल्याकडे नाही, तेव्हा सांगता येणार नाही. मला त्यांचं हे आवडलं. तुम्हालाही आवडलं असतं. पण मग त्यांनी आणखी काय काय सांगितलं, आणि मी लहान पोरासारखा ऐकत राहिलो. ज्यांचा दाब कशालाच ऐकत नाही त्यांच्यासाठी मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत बारीक तार नेऊन तिथल्या नसा शांत करायचा उपाय निघालाय. सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनावर काम चाललंय. आणि तो मीठ धरणारा रस मुळातच कमी बनावा अशा नव्या गोळ्याही येताहेत. घरी येताना मी स्कूटरवर मागं बसून हे सगळं तिला परत सांगत होतो, आणि ती म्हणत होती, "काका, मी पण तिथंच होते." मला राग यायला हवा होता, की हे सगळं तुमच्या वेळी का नव्हतं. तो आला नाही. बीआरटीच्या बसरस्त्याच्या कडेनं गाडी चालली होती, वारा लागत होता, आणि मला एवढंच वाटत होतं की हे सगळं आता आहे, आणि ती आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आज संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. कंपनीची बस मोशीला सोडते, तिथून स्कूटर काढून थेट आकुर्डीला आमच्या घरी, ओळखपत्र अजून गळ्यात. बायकोच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "काका, आजपासून मी बाबांपेक्षा एका दिवसानं मोठी." मी चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. "असं का? आज का ते?" ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत असणार." मग तिनं पेढा माझ्या तोंडात घातला, तुमच्या वाटणीचाही एक मलाच घातला, चहा घेतला, उद्याची सकाळची शिफ्ट आहे म्हणून लगेच निघालीही. तुमची मुलगी आता तुमच्याहून मोठी आहे, वस्ताद, आणि उद्या आणखी एक दिवसानं मोठी होईल.

हे पत्र कुठं टाकायचं हे मला माहीत नाही, आणि वहीतलं पान फाडायलाही जीव होत नाही, म्हणून ते इथंच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. हा दिवस मीही काढून ठेवला होता. तिच्या आधीपासून, ती शाळेत होती तेव्हापासून. पण मधली लीप वर्षं मोजताना माझा एक दिवस चुकला आणि माझ्या हिशोबानं तो काल आला. काल संध्याकाळी मी बस पकडून मोशीला गेलो आणि तिच्या स्टॉपवर उभा राहिलो. कंपनीची बस आली, बायका एकेक करून उतरायला लागल्या, ती सातवी उतरली. मला बघून म्हणाली, "काका? इथं काय करताय?" मी म्हणालो, भाजी घ्यायला आलो होतो. ती म्हणाली, "आकुर्डीत भाजी मिळत नाही का?" मी म्हणालो, इथली ताजी असते. माझ्या हातातली पिशवी रिकामी होती.